अकराची खिडकी, बाराची एसटी: एका अप-डाऊन विद्यार्थिनीचं प्रकरण

कोल्हापूर शहरातल्या एका अनुदानित महाविद्यालयातलं हे प्रकरण आहे. कला आणि वाणिज्य शाखा, सकाळचं सत्र, मुलं निम्म्याहून जास्त आसपासच्या तालुक्यांतून ये-जा करणारी. मी तिथे शिकवते आणि विद्यार्थी साहाय्य समितीचं काम पाहते. मुलीची ओळख कळू नये म्हणून तिचं नाव, गाव आणि काही बारीक तपशील दिलेले नाहीत.

मुलगी गगनबावडा तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरची. जून 2024 मध्ये तिनं बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. बारावीला गुण चांगले होते, आणि घरातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच. वडील मुंबईत एका हॉटेलात कामाला, आई आणि आजी म्हशी सांभाळतात, धाकटा भाऊ शाळेत. सप्टेंबरमध्ये ती टी.सी. मागायला कार्यालयात आली. तोवर तिची हजेरी निम्म्याखाली गेली होती, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवरून परत आला होता आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला होता. टी.सी.च्या अर्जावर कारण लिहायला एक ओळ असते. तिथे तिनं ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं होतं.

आमच्या कार्यालयातल्या कनिष्ठ लिपिकांनी तो अर्ज घेतला, पण ‘सही दोन दिवसांनी मिळेल’ असं सांगून तिला थांबवलं आणि अर्ज माझ्याकडे आणून ठेवला. ते म्हणाले, “मॅडम, ही पोरगी तीनदा खिडकीपर्यंत येऊन परत गेल्याली मी बघितल्या. हिचं घरगुती काय नाही, आपलंच कायतरी आहे.” या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण मला हेच वाटतं, आणि ते समुपदेशकाचं किंवा प्राध्यापकाचं नव्हतं.

कागदावर काय होतं

महाविद्यालयाकडे सेवा कमी नव्हत्या. शिष्यवृत्ती विभाग, समुपदेशन कक्ष, समान संधी कक्ष, मार्गदर्शक प्राध्यापक योजना, बुक बँक, कमवा व शिका, सगळं होतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थी साहाय्याचीच मोजदाद होते, त्यामुळे या प्रत्येक सेवेची फाईल, समिती आणि बैठकांची इतिवृत्तं नीट ठेवलेली होती. माणसंही मन लावून काम करणारी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीही होती. तिला 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो, आणि त्यावर समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं.

पण या मुलीची कुणाविरुद्ध तक्रारच नव्हती. तिला कुणी अडवलं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं. खिडकी बंद दिसली की आपणच उशिरा पोचलो असं तिला वाटायचं. तक्रारीची व्यवस्था कितीही चांगली असली तरी जो माणूस स्वतःलाच दोष देतो तो तिच्याकडे कशाला जाईल?

तिचा दिवस

पुढच्या दोन दिवसांत मी आणि लिपिक तिच्याबरोबर बसलो आणि तिचा एक दिवस कागदावर मांडला. आमच्या कामाला खरी सुरुवात तिथून झाली.

पहाटे पावणेपाचला घर सोडायचं. वाड्यावरून खाली रस्त्यापर्यंत पाऊण तासाची पायवाट. पहिली एसटी पकडली तर सात-सव्वासातला रंकाळा स्टँड आणि तिथून चालत कॉलेज. पहिला तास साडेसातला, पण गाडीला वाटेत उशीर झाला की तो चुकायचा. शेवटचा तास सव्वाअकराला संपतो. परतीची गाडी बाराची, ती गेली तर पुढची सव्वातीनची. बाराच्या गाडीनं गेलं तर चढण चढून अडीचपर्यंत घरी. सव्वातीनच्या गाडीनं गेलं तर पावणेसहा, आणि पावसाळ्यात ढग उतरले की त्या वाटेवर तेव्हाच अंधारून येतं. त्या भागात गव्यांचे कळप फिरतात. संध्याकाळी एकट्या मुलीनं त्या वाटेनं जाणं घरच्यांना मान्य नव्हतं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नाही.

कार्यालयाची विद्यार्थी खिडकी अकरा ते दोन. म्हणजे तिच्यासाठी सव्वाअकरा ते साधारण पावणेबारा. त्या अर्ध्या तासात शिष्यवृत्ती, परीक्षा विभाग, बोनाफाईड (इथे शिकत असल्याचा दाखला), ग्रंथालय या सगळ्या रांगा, आणि सगळ्या अप-डाऊनवाल्यांची त्याच वेळी झुंबड. “रांगेत नंबर यायच्या आत गाडीची वेळ होत्या मॅडम. गाडी चुकली की घरात बोलणी बसतात,” ती म्हणाली.

त्यात नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला ओपन इलेक्टिव्हसारखे (आपल्या शाखेबाहेरचा निवडायचा विषय) जादा विषय आले. वर्गखोल्या तेवढ्याच, शिक्षक तेवढेच, म्हणून आमच्याकडे ओपन इलेक्टिव्हचे दोन तास साडेअकरानंतर गेले. त्या दिवशी एकतर तास बुडायचा किंवा गाडी. तिनं गाडी धरली. हजेरीत ते थेट दिसलं.

आता पासचं बघू. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत असतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पाऊल ठेवलं की ती सोय संपते. मग 66.66 टक्के सवलतीचा विद्यार्थी मासिक पास काढावा लागतो आणि त्याला महाविद्यालयाचं बोनाफाईड लागतं. आमच्याकडे बोनाफाईडचा अर्ज एका दिवशी द्यायचा आणि दोन दिवसांनी सही झालेला कागद घ्यायचा अशी रीत होती. सही रजिस्टरवर, शिक्का वेगळ्या टेबलावर. या मुलीला दोन्ही वेळा त्या अर्ध्या तासातच उभं राहायचं होतं. जुलैचा पास तिला महिना अर्धा सरल्यावर मिळाला. तोवर मार्च 2023 पासून महिलांना मिळणाऱ्या निम्म्या तिकिटावर ती प्रवास करत होती. पण निम्मं तिकीट रोजच्या जाण्यायेण्याला परवडत नाही, म्हणून ती एक दिवसाआड यायची. हजेरी बुडण्याचं पहिलं कारण हे होतं. आमच्या हजेरीच्या तक्त्यात ते ‘अनियमित’ या रकान्यात जमा झालं होतं.

दुसरं कारण पाऊस. जुलै 2024 च्या अखेरीस पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी आलं की वाहतूक थांबते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या शहरात महाविद्यालयाला पुराची सवय असायला हवी. पण शहरातला रस्ता सुरू झाला की आमचे वर्ग सुरू होतात आणि हजेरी लागायला लागते. वाड्यावरची पायवाट आणि एसटीची फेरी सुरळीत व्हायला त्यानंतरही दिवस जातात. ती गैरहजेरी माफ करून घ्यायला अर्ज, अर्जाला पालकाची सही, आणि पालक मुंबईत.

सगळ्यात किचकट गुंता शिष्यवृत्तीचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव एका तऱ्हेनं आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं, इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराचा फरक. त्यावरून अर्ज परत आला. परत आल्याचा संदेश गेला वडिलांच्या मोबाइलवर, कारण घरातल्या सगळ्यांच्या आधारला तोच एक नंबर जोडलेला. दुरुस्तीला पोर्टलवर शिरायचं तर ओटीपी त्याच फोनवर. मुंबईच्या हॉटेलात सकाळी आणि दुपारी गर्दीच्या वेळी फोन जवळ ठेवता येत नाही. म्हणजे मुलगी कोल्हापुरात सायबर कॅफेत संगणकापुढे, ओटीपी मुंबईत फोनवर, आणि त्याची मुदत काही मिनिटांची. तिनं पैसे देऊन दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. शिष्यवृत्तीच नाही तर पुढच्या वर्षी फी कुठून भरायची, या विचारानं तिनं टी.सी.चा अर्ज लिहिला होता.

राहायची सोय का नाही

हा प्रश्न प्राचार्यांनी पहिल्याच बैठकीत विचारला आणि तो रास्त होता. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्यानंतर एकेक समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली, 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग आलं. नोकऱ्यांतल्या 50 टक्के आरक्षणाचा 1902 चा हुकूम सगळ्यांना पाठ असतो. वसतिगृहांचं महत्त्व मात्र आपण कमी लेखतो. खेड्यातल्या मुलाला शहरात प्रवेश दिला म्हणजे शिक्षण दिलं असं होत नाही, त्याला तिथे टिकता यायला हवं, हे महाराजांनी शंभरावर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. याच शहरातल्या जैन बोर्डिंगमध्ये शिकायला राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, हा त्या कामाचाच विस्तार.

पण या मुलीला वसतिगृह नको होतं. आजीला एकटीला म्हशींचं होत नाही, दुपारी अडीचनंतर चारा-पाण्याला ती लागते. तिनं घर सोडलं असतं तर घरचं दूध थांबलं असतं. आजची अप-डाऊन करणारी कितीतरी मुलं अशी आहेत: घरी काम आहे, शेती आहे, कुणी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जातं, कुणी ऊसतोडीच्या हंगामात घर सांभाळतं. शाहू महाराजांच्या काळी अंतरावर उत्तर वसतिगृह होतं आणि आजही ते हवंच. पण जे घर सोडू शकत नाहीत त्यांच्यासाठी महाविद्यालयानंच आपल्या वेळा सोडल्या पाहिजेत. मला या प्रकरणातून एवढंच ठामपणे मांडायचं आहे. बाकीचा सगळा तपशील त्यासाठीच.

काय बदललं

पहिलं काम त्याच आठवड्यात झालं. लिपिकांनी तिच्या वडिलांना फोन लावला आणि हॉटेलात मोकळीक कधी असते ते विचारलं. दुपारी चार ते पाच. त्या वेळी मुलगी वाड्यावर, जिथे रेंज नाही. मग तिच्याकडून लेखी संमती घेतली, कागदपत्रांच्या प्रती आदल्या दिवशीच तपासून घेतल्या आणि ठरलेल्या दिवशी चार वाजता लिपिक कार्यालयात, वडील फोनवर, आणि मुलगी त्या एका दिवसापुरती मावशीकडे शहरात थांबलेली, अशी तिघांनी मिळून दुरुस्ती केली. ओटीपी तिनं स्वतः टाकला. हे मी मुद्दाम लिहिते. विद्यार्थ्यांचे पासवर्ड वहीत लिहून घेऊन लिपिकानं परस्पर अर्ज भरायचे ही वाट सोपी असते, पण ती धोक्याची आहे आणि मुलाला कायमचं परावलंबी करते. नावातल्या फरकासाठी काय करायचं तेही तिला समजावलं. आधारवरचं नाव गुणपत्रिकेप्रमाणे करून घेणं हाच पक्का उपाय, आणि तो तिनं दिवाळीच्या सुट्टीत केला. आधारला स्वतःचा नंबरही तेव्हाच जोडला.

एका मुलीसाठी हे जमलं. सगळ्यांसाठी जमवायचं तर लिपिकाच्या चांगुलपणावर भागत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये प्राचार्यांच्या सहीचा कार्यालयीन आदेश निघाला. आदेश महत्त्वाचा अशासाठी की शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. लेखी काही नसताना कुणी सकाळी सातला आला आणि तीनला गेला तर ते त्याच्याच अंगाशी येतं. आदेशाप्रमाणे आठवड्यातले दोन दिवस खिडकी सकाळी सात ते साडेआठ उघडी. त्या दिवशी जो येईल तो दुपारी तेवढा लवकर जाईल, आणि पाळी आलटून पालटून. शिवाय रोज सव्वाअकरा ते पावणेबारा एक टेबल फक्त एसटीच्या पासधारकांसाठी.

बोनाफाईडची रीत बदलली. रात्री आठपर्यंत कार्यालयाच्या मोबाइलवर नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक पाठवायचा, सही-शिक्क्यासह कागद दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या शिपाईमामांकडे. मामा रजिस्टरवर सही घेतात आणि कागद देतात. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी गेटवरच एक चिठ्ठ्यांची पेटी. सुरुवातीला कार्यालयात कुरबूर झाली की शिपायाकडे असे कागद देणं बरं नाही. आजवर एकही कागद गहाळ झालेला नाही. उलट मामांना आता कुठल्या गाडीनं कोण येतं, कोण चार दिवस आलं नाही, हे पाठ आहे, आणि ते येऊन सांगतात.

हजेरीचा नियम 75 टक्क्यांचाच राहिला, तो आमच्या हातात नाही आणि सैल व्हावा असं मला वाटतही नाही. पण रस्ता बंद असल्याचं प्रशासनानं जाहीर केलं असेल तर त्या मार्गावरच्या मुलांनी वेगळा अर्ज करायचा नाही. मार्गनिहाय यादी आम्हीच ठेवायची आणि त्या दिवसांची नोंद आम्हीच करायची. बालिंगा, कळे, गगनबावडा या बाजूची एक यादी, राधानगरीची एक, केर्लीवरून येणाऱ्यांची एक, शिरोळकडची एक. पावसाळ्याच्या आधी ही यादी तयार असते. ओपन इलेक्टिव्हचे दोन तास मात्र लगेच हलवता आले नाहीत. दुसऱ्या सत्रात त्यातला एक तास सकाळी बसवला आणि दुसरा दुपारीच राहिला. त्यासाठी अप-डाऊनवाल्यांना दर आठवड्याला लेखी काम देऊन शिक्षक ते तपासतात. हा तोडगा अर्धवट आहे.

कागदपत्रांचं एक काम फार साधं होतं, आणि ते आधी का झालं नाही याचं मला आजही नवल वाटतं. शिष्यवृत्ती विभाग, परीक्षा विभाग आणि बुक बँक, तिघेही आधार आणि उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स वेगवेगळी मागत होते. आता प्रवेशाच्या वेळी एकदाच प्रत घेतली जाते आणि संमतीपत्रावर तिन्ही विभागांची नावं असतात. मुलांचे झेरॉक्सचे पैसे वाचतात, पण त्याहून जास्त रांगा वाचतात.

बोलायचं कुठे

समुपदेशनाचा भाग वेगळा लिहिते, कारण तिथे लवचिकता म्हणजे ऑनलाइन हा समज आम्हाला सोडावा लागला.

समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या दालनाला लागून होता. बाहेर बाक, दारावर पाटी, आत जाण्याआधी रजिस्टरमध्ये नाव. तिथे बसलेल्या मुलीला ये-जा करणारा प्रत्येक जण बघणार. या मुलीनं तिथे जायला साफ नकार दिला. “तिथं बसलो की उद्या एसटीत सगळ्यांना कळतंय,” ती म्हणाली. आधी आम्ही संध्याकाळी फोनवर समुपदेशनाची सोय केली. कागदावर ती उत्तम वाटली. प्रत्यक्षात वाड्यावर रेंज नाही, आणि जिथे रेंज येते त्या कठड्यावर शेजारपाजारचे सगळेच बसलेले. घर दोन खोल्यांचं. आजीसमोर, भावासमोर ‘मला झोप लागत नाही, मला शिकणं सोडायचं नाही’ हे ती कशी बोलणार?

उपाय तिनंच सुचवला. बाराची गाडी दीडच्या सुमारास तिच्या फाट्यावर पोचते. तिथे निवाराशेड आहे, रेंज आहे, आणि त्या वेळी कुणी नसतं. चढण चढायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं. समुपदेशक बाईंनी ती वेळ मान्य केली आणि पहिल्या सत्राच्या अखेरपर्यंत त्या दर बुधवारी पावणेदोनला तिच्याशी बोलत होत्या. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीत हे बसत नव्हतं, त्यांनी ते बसवलं. अडचण आली तर रात्री-अपरात्री मानसिक आधारासाठीच्या टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं हेही त्यांनी तिला सांगून ठेवलं. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालू आहे आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या ओळखपत्रामागे हा क्रमांक छापायला हवा.

कक्ष आता ग्रंथालयाच्या आतल्या एका खोलीत आहे. पुस्तक घ्यायला गेलेली मुलगी तिथे गेली की नाही हे बाहेरच्याला कळत नाही. रजिस्टरमध्ये नावाऐवजी क्रमांक असतो. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा असं म्हटलं आहे. नेमणूक होईल. पण त्याचं दार कुठे उघडतं आणि कुठल्या वेळी, हे ज्या त्या महाविद्यालयानंच ठरवायचं आहे.

खाली आलेलं टेबल

एका गोष्टीचा आम्ही आधी विचारच केला नव्हता. एसटीच्या घाईतल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचं टेबल पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणलं. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी कुबड्या घेऊन त्या टेबलापाशी आला. तोवर दर वेळी मित्राला वर पाठवून तो काम करून घेत होता, म्हणजे आपली मिळकत, आपली अपंगत्वाची टक्केवारी, सगळं मित्राच्या हातात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, त्यात सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा राखून ठेवायची तरतूद आहे, आमच्याकडे तो प्रवेश दिलाही जातो. यूजीसीची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं 2022 मध्ये आली, तीही फाईलला आहेत. उतरण (रॅम्प) बांधलेली होती. पण उतरणीवरून आत आल्यावर काम जिथे होतं ते टेबल जिन्याच्या वर होतं. लिफ्टचा प्रस्ताव निधीअभावी पडून आहे. टेबल खाली आणायला काहीच खर्च आला नाही.

काय जमलं नाही

संध्याकाळी पाच ते सातची मदत खिडकी आम्ही दोन महिने चालवली, बंद केली. कामावर जाणारी मुलं येतील असा अंदाज होता, पण त्या वेळी ती कारखान्यात असतात. त्यांना रविवार हवा आहे आणि रविवारी कर्मचारी आणायची तजवीज अजून झालेली नाही. सगळ्या सूचनांचा एक मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप केला, त्यात शुभेच्छांच्या गर्दीत परीक्षा अर्जाची तारीख हरवली. आता त्या ग्रुपवर फक्त कार्यालय लिहू शकतं, आणि तीच सूचना मोठ्या अक्षरांत गेटवरच्या फळ्यावर मराठीत लागते. फळा जास्त वाचला जातो.

याहून गंभीर गोष्ट मार्गदर्शक प्राध्यापक योजनेची. प्रत्येक प्राध्यापकाकडे ठरावीक विद्यार्थी सोपवलेले असतात. या मुलीच्या मार्गदर्शक एक तासिका तत्त्वावरच्या, सीएचबीच्या शिक्षिका होत्या. जुलैमध्येच तिच्या गैरहजेरीकडे त्यांचं लक्ष गेलं होतं, त्यांनी वर्गातल्या मैत्रिणीकडे निरोपही पाठवला होता. पण त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, मुलांशी बोलण्यात गेलेल्या तासाचे नाही. एका महाविद्यालयातला तास संपवून त्या दुसऱ्या महाविद्यालयात पळतात. जागा भरल्या जात नाहीत, सीएचबीवर गाडा चालतो, आणि मुलांना वेळ देण्याची अपेक्षा मात्र सगळ्यात कमी मोबदला मिळणाऱ्या माणसाकडून केली जाते. हे अन्यायाचं आहे. लवचिक सेवा कुणाच्या तरी बिनपगारी वेळेवर उभी राहत असेल तर ती फार दिवस टिकत नाही.

आणि एक मुलगी आमच्या हातून निसटली. त्याच रस्त्यावरून येणारी, त्याच वर्गातली. तिलाही पास वेळेत मिळाला, अर्ज दुरुस्त झाला. डिसेंबरमध्ये तिचं लग्न ठरलं आणि ती आली नाही. तिच्या घरी समितीतल्या दोघी जाऊन आल्या, घरच्यांनी चहा दिला, आदरानं बोलले, निर्णय बदलला नाही. खिडकीच्या वेळा बदलून सुटणारे प्रश्न कुठे संपतात हे तिथे कळलं.

आज काय स्थिती आहे

पहिली विद्यार्थिनी टी.सी.चा अर्ज मागे घेऊन शिकत राहिली. पहिल्या सत्रात अकाउंटन्सीत नापास झाली, तो विषय मागे ठेवून एटीकेटीवर पुढे गेली आणि तो विषय नंतर सोडवला. शिष्यवृत्ती उशिरा जमा झाली, पण झाली. सध्या ती कमवा व शिका योजनेत सकाळच्या खिडकीवर मदतीला बसते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचे अर्ज तपासून देते. नावातला फरक ती अर्जावर नजर टाकताच ओळखते. गगनबावड्याच्या बाजूच्या मुली थेट तिच्याकडे येतात, आणि त्यांच्याशी ती त्यांच्याच बोलीत बोलते, हा फायदा आमच्या कुठल्याच समितीला देता आला नसता.

महाविद्यालय विकास समितीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवल्या आहेत. मार्गदर्शनाचा आठवड्याचा एक तास सीएचबी शिक्षकांच्या देयकात धरावा आणि शासन देत नसेल तर संस्थेनं तो द्यावा. सकाळच्या खिडकीचा आदेश दर वर्षी नव्यानं न काढता कायमचा करावा, कारण तो सुरू करणारे लिपिक लवकरच निवृत्त होत आहेत. आणि वेळापत्रक बसवताना एसटीच्या डेपोकडून त्या वर्षीच्या फेऱ्यांची यादी आधी मागवावी. तिसरी मागणी मान्य झाली आहे, पहिल्या दोन विचाराधीन आहेत.